सूत्रसंचालक परगावचा हवा

देवगड-जामसंडे नगरपंचायतीच्या जानेवारी 2022 च्या निकालात 17 पैकी 8 जागा शिवसेनेला, 8 भाजपला आणि 1 राष्ट्रवादीला मिळाली. त्या एका जागेने सत्ता कोणाची ते ठरवले. इतकी काट्याची लढत. घरोघरी भेटी, चौकसभा, भोंगे लावलेल्या रिक्षा हे सगळे आपल्याकडे होते. पण दोन प्रतिस्पर्धी उमेदवार शेजारी बसून एकाच प्रश्नाला उत्तर देत आहेत, हे दृश्य जामसंड्यात काय, अख्ख्या महाराष्ट्रात औषधालाही सापडणे कठीण. मुंबईत ‘अग्नी’सारख्या नागरिक संस्थांनी उमेदवारांना एका मंचावर आणण्याचे प्रयत्न केले, तेवढेच.

देशपातळीवरही तेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गचे लोकसभा मतदान 7 मे 2024 रोजी उरकले. त्यानंतर दोन दिवसांनी माजी न्यायमूर्ती मदन लोकूर व अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी व राहुल गांधी यांना जाहीर चर्चेसाठी पत्र लिहिले. राहुल गांधींनी होकार कळवला. भाजपकडून युवा मोर्चाच्या उपाध्यक्षाचे नाव पुढे आले आणि चर्चा तिथेच संपली. पण काँग्रेसने फार मिरवू नये. 2022 मध्ये पक्षाध्यक्षपदासाठी खर्गे आणि थरूर उभे होते तेव्हा थरूर जाहीर चर्चेला तयार होते, खर्गे नव्हते. त्याआधी 2014 मध्ये याच पक्षाने अमेरिकी धर्तीवर काही लोकसभा मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडून पाहिले. त्यात आपले वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यात खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र विरुद्ध प्रभा राव यांच्या कन्या असा सामना झाला. म्हणजे पद्धत नवी, घराणी तीच. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या आणि प्रयोगही बासनात गेला.

समजा, उद्या उमेदवार समोरासमोर बसायला तयार झाले, तर सूत्रे कोणी हाती घ्यायची? ‘टीव्हीचा अँकर’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. रात्री नऊला सहा चौकटींतली माणसे एकाच वेळी ओरडतात, तो त्याचा धंदा आहे. भांडण मिटले की त्याचा कार्यक्रम संपतो. तालुक्याच्या पातळीवर टीव्ही म्हणजे यूट्यूब वाहिन्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची निवडणुकीच्या महिन्यातली कमाई उमेदवारांच्या जाहिरातींवर आणि शुभेच्छांवर चालते. वृत्तपत्रांचे म्हणाल तर इथे एका बाजूचे ‘सामना’, दुसऱ्या बाजूचे ‘प्रहार’. कॅमेरा यांचा खुशाल असू दे. माइक यांच्या हाती नको.

मग दोन्ही उमेदवारांना पसंत असेल तो? ऐकायला गोड वाटते, पण सगळ्यात मोठी फसगत इथेच आहे. अमेरिकेत 1976 पासून अध्यक्षीय वादांचे आयोजन लीग ऑफ विमेन व्होटर्स ही महिलांची संस्था करत असे. 1984 मध्ये रेगन आणि मॉन्डेल यांच्या माणसांनी लीगने सुचवलेल्या पत्रकारांची नावे डझनांनी फेटाळली. 1988 मध्ये बुश आणि डुकाकिस यांच्या प्रचारयंत्रणांनी प्रश्न कोण विचारणार, सभागृहात कोण बसणार हे आपसात ठरवून लीगपुढे तयार करार ठेवला. मतदारांच्या फसवणुकीत आम्ही सामील होणार नाही, असे जाहीर करून लीग बाहेर पडली. एकमेकांचे कट्टर वैरी एका बाबतीत लगेच एक होतात: अवघड प्रश्न कोणी विचारू नये. 2015 मध्ये रिपब्लिकन इच्छुकांच्या वादात पत्रकारांचे प्रश्न झोंबले, तेव्हा टेड क्रूझ यांनी आपल्याच विचारांच्या रेडिओ-टीव्हीवाल्यांना सूत्रसंचालक करा म्हणून मागणी केली. परीक्षार्थीने परीक्षक निवडायचा, तसली ही मागणी.

सूत्रसंचालकाशिवाय वाद होतच नाही, असेही नाही. 1858 मध्ये लिंकन आणि डग्लस सात ठिकाणी भिडले. पहिल्याला एक तास, दुसऱ्याला दीड तास, पुन्हा पहिल्याला अर्धा तास. मध्ये प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. आपल्या सिंधुदुर्गाला हे नवे वाटायचे कारण नाही. भजनाची डबलबारी रात्रभर रंगते ती याच हिशेबाने. बारी ठरलेली, रूपाचा अभंग, गौळण, गजर हा क्रम ठरलेला, आणि बुवाने गजरात टाकलेला सवाल समोरच्या बुवाने टाळला तर पटांगणातल्या श्रोत्यांना तो बरोबर कळतो. बुवांना बोलावते ते मंडळ, वेळ बघते तेही मंडळच.

पण मंडळाचा माणूस उमेदवारांमध्ये बसवला की अडचण सुरू होते. जामसंड्यात कोणीही सज्जन पुढे करा. निवृत्त मुख्याध्यापक घ्या, डॉक्टर घ्या, बागायतदार घ्या. पहिला प्रश्न येईल, ‘ह्यो कोणाचो?’ आणि तो प्रश्न चुकीचा नाही. एवढ्याशा प्रभागात एखादा उमेदवार त्याच्या भावकीतला असतो, नाहीतर शेजारचा, नाहीतर जुना विद्यार्थी. मास्तर कितीही निःपक्ष असले तरी निकालानंतर त्यांना गावातच राहायचे असते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: प्रश्न गावचे, माणूस परगावचा. कोल्हापूरचा निवृत्त न्यायाधीश, बेळगावची प्राध्यापिका, ज्यांचे इथे ना मत, ना आंब्याची बाग, ना कंत्राट. प्रश्न आधी लोकांकडून लेखी घ्यावेत आणि चिठ्ठ्या टाकून सर्वांसमक्ष काढावेत. दहिबावचे पाणी नळाला नेमके कधी येणार, कचरा कुठे टाकणार, घरपट्टीतून काय केले. सूत्रसंचालकाचे काम दोनच गोष्टींचे. घड्याळ दाखवायचे, आणि पाण्याच्या प्रश्नावर उमेदवार दिल्लीला निघाला की त्याला परत दहिबावला आणायचे. तोच प्रश्न पुन्हा, त्याच शब्दांत. वानर-माकडांचा उपद्रव, आंब्याचा विमा, आनंदवाडी बंदर हे प्रश्नही येतील. ते नगरपंचायतीच्या हातातले नाहीत, हे सांगण्याची हिंमत कोणत्या उमेदवारात आहे, तेही त्यातून दिसेल.

जो येणार नाही त्याची खुर्ची मांडलेली असावी आणि त्याच्या वाटणीचे प्रश्नही वाचले जावेत. एकाच्या गैरहजेरीने कार्यक्रम रद्द करण्याची मुभा ठेवली, तर ज्याला हरण्याची भीती कमी तो कधीच येणार नाही.

याला कायदा लागत नाही, निवडणूक आयोगाच्या परिपत्रकाचीही वाट पाहायला नको. आचारसंहितेतल्या परवानग्या काढाव्या लागतील. त्या डबलबारीवाल्यांना पाठ असतात. पुढची नगरपंचायत निवडणूक फार लांब नाही. जामसंड्यातल्या मंडळांनी सभागृह, परगावचा सूत्रसंचालक आणि तारीख आताच ठरवावी, उमेदवारांची नावे कळण्याआधी. नावे कळल्यावर ठरवायला बसलात, तर सूत्रसंचालक तुम्ही निवडणार नाही, ते निवडतील.