गुलमंडीचा ढोल त्यांच्यासाठीही वाजू द्या

२९ जून २०२४ ची रात्र. बार्बाडोसमध्ये सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल टिपला, भारताने अवघ्या ७ धावांनी ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला आणि आमच्या शहरातला गुलमंडी चौक जागा झाला. दुकानाचं शटर ओढून मी पायरीवर उभा होतो. पैठण गेटकडून पोरं तिरंगे घेऊन, ढोल वाजवत धावत आली. शेजारच्या मिठाईवाल्याने पेढ्यांचं खोकं फोडलं आणि अनोळखी हातांवर पेढे ठेवत गेला. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला भारताचा पराभव बघून याच चौकातून माना खाली घालून परतलेली माणसं त्या रात्री गळ्यात गळे घालून रडत होती.

क्रिकेटच्या या वेडाला उथळ म्हणणारे मला पटत नाहीत. स्वतःच्या पदरात काही पडणार नसताना दुसऱ्याच्या यशाने डोळे भरून येतात, हे माणुसकीचंच लक्षण आहे.

पण एक सल आहे. १९ जानेवारी २०२५ ला भारताच्या मुलींनी नेपाळला हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. त्या रात्री माझ्या दुकानासमोर ढोल वाजला नाही.

आपलं प्रेम खरं आहे, त्याला थोडं मोठं करू या. रविवारी मुलांना घेऊन जवळच्या मैदानावर जा, खो-खोचा सामना बघा आणि टाळ्या वाजवा. त्या पोरींनाही गुलमंडीचा ढोल ऐकू आला पाहिजे.