भागीदारीचे कलम कागदावरच

मिरज व कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत कामगार कसा नेमावा, किती काळ ठेवावा आणि केव्हा काढावा, हे मालकाच्या स्वभावावर अवलंबून असते असा समज रूढ आहे. व्यवस्थापनशास्त्रही ‘मनुष्यबळा’कडे निव्वळ तंत्र म्हणून पाहते. वस्तुतः नफ्याची ओढ सर्वत्र सारखीच. निराळ्या असतात त्या तिला वेसण घालणाऱ्या संस्था.

पश्चिम जर्मनीने 1976 साली दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगार प्रतिनिधींना दिल्या. अध्यक्षाचे निर्णायक मत भागधारकांकडेच राहिले. तरी कामगारांना अंधारात ठेवून कपात करणे अवघड झाले. जपानच्या मोठ्या कंपन्यांत दीर्घकालीन नोकरी व ज्येष्ठतेनुसार वेतन रुजले. हंगामी कामगार मात्र त्या छत्राबाहेरच राहिला. अमेरिकेत आजही बहुतेक कामगारांना कारण न देता काढता येते.

त्याच 1976 सालच्या 42 व्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातील कामगार सहभागाचे 43 क हे कलम आपल्या राज्यघटनेत आणले. ते मार्गदर्शक तत्त्वांतच पडून राहिले. कपातीपूर्वी सरकारी परवानगीची अटही त्याच वर्षी 300 कामगारांच्या कारखान्यांना लागू झाली, व 1982 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 100 वर आणली. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा 300 केली आणि मुदतबंद नोकरीला राजमान्यता दिली. दीडशे कामगारांच्या कारखान्यातील कामगाराची ढाल अशा रीतीने काढून घेतली गेली.

मग आपल्या मातीत संस्था रुजतच नाहीत काय? पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या हमालांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला. ज्याला कोणी मालकच मानत नव्हते, त्या हमालाची नोंदणी त्रिपक्षीय मंडळाकडे झाली. मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळात जमा होऊ लागली, आणि भविष्यनिर्वाह निधी त्याच्या हक्काचा झाला. हे औदार्याने घडले नाही, संघटनेने घडविले.

कंत्राटी कामगारासाठी अशीच मंडळे आणि 43 क ला कायद्याचे बळ, या दोन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी कारखान्यांच्या फाटकावर गेले पाहिजे. मालकाचे हृदयपरिवर्तन होण्याची वाट पाहणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे.