छापखानेवाल्यांनो, चोरीची प्रत सोडा

जालन्यातील छापखानेवाल्या बंधूंना कळकळीने सांगावेसे वाटते. लग्नपत्रिका मराठीत हवी, उर्दूतही हवी. पण संगणकावरचे सॉफ्टवेअर अनेकांकडे चोरीचे. जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब लागते. धंद्यासाठी वापरली तर किमान ७ दिवस कैद, ५० हजार दंड. एका पत्रिकेमागे सुटतात किती?

जगभरच्या स्वयंसेवकांनी २००३ पासून घडवलेले इंकस्केप मोफत आहे, कायदेशीर आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्त आणि बालू हे देवनागरी फाँट, उर्दूसाठी नोटो नस्तालिक, हेही तसेच. चार रंगांच्या छपाईला जोडीला स्क्रायबस घ्यावे लागेल. सुरुवातीला हात अडखळेल, जुन्या फाइली नीट उघडणार नाहीत. म्हणून लग्नसराई आटोपल्यावरच हात घाला.