बॉम्ब हा शब्द जपून वापरा

खळबळ उडवणाऱ्या बातमीला इंग्रजीत ‘बॉम्बशेल’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनीही तो उचलला आहे. पुढाऱ्याने आरोप केला की ‘बॉम्बगोळा’, अधिकाऱ्याने तक्रार लिहिली की ‘लेटर बॉम्ब’.

मूळचा बॉम्बशेल म्हणजे दारू ठासलेला पोकळ लोखंडी गोळा. वेढा पडलेल्या शहराच्या तटावरून उखळी तोफेने तो आत फेकत. वात जळत दारूपर्यंत पोचली की गोळा फुटे आणि लोखंडाच्या ठिकऱ्या चौफेर उडत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने हा शब्द अनपेक्षित बातमीला लावला. पुढे तो पडद्यावरही पोचला: १९३३ साली हॉलिवूड अभिनेत्री जीन हार्लोच्या चित्रपटाचे नावच ‘बॉम्बशेल’ होते.

‘ब्लॉकबस्टर’चा प्रवासही असाच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने जर्मन शहरांवर चार हजार पौंड आणि त्याहून वजनदार बॉम्ब टाकले. इमारतींची आख्खी रांग जमीनदोस्त करणाऱ्या त्या बॉम्बना वृत्तपत्रांनी हे नाव दिले. आज ते तुफान चाललेल्या चित्रपटाला मिळते. तिसरा शब्द ‘बिकिनी’. १ जुलै १९४६ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधील बिकिनी बेटांवर अणुबॉम्बची चाचणी घेतली. चारच दिवसांनी पॅरिसमध्ये लुई रेआरने आपल्या तोकड्या पोहण्याच्या पोशाखाला तेच नाव दिले. चाचणीसाठी हलवलेल्या बिकिनीवासीयांना मात्र आजतागायत तिथे कायमचे परतता आलेले नाही.

या तिन्ही शब्दांत दणका तेवढा उरला. त्याखाली सापडलेली माणसे गळून गेली. मराठी वाचकाला तरी हे परवडणारे नाही. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत मुंबईने २५७ माणसे गमावली. ज्यांच्या घरातले कुणी त्या दिवशी परतले नाही, तेही सकाळी वर्तमानपत्र उघडतात.

शिवाय आरोपाला बॉम्ब म्हटले की तो तपासण्याआधीच खरा वाटू लागतो. पुरावा कुठे आहे, हा पहिला प्रश्न आवाजात बुडून जातो. रोज बॉम्ब वाचणाऱ्याला खरोखर गंभीर प्रकरणही मग नेहमीचेच वाटते.

मराठीत गौप्यस्फोट आहे, खळबळजनक आहे, सनसनाटी आहे. त्यातलाही प्रत्येक शब्द तोलूनच वापरावा. आरोपाला आरोप म्हणावे, पत्राला पत्र म्हणावे. संपादकांनी मथळ्यातला बॉम्ब खऱ्या बॉम्बसाठीच राखून ठेवावा.