क्राकाटोआ आणि त्याचें मूल

भूगोलाच्या तासाला ज्वालामुखीचें प्रकरण निघालें, कीं शेवटच्या बांकावरचा मुलगाही मान वर करतो, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. ज्वालामुखी जागृत, निद्रिस्त व मृत असे तीन प्रकारचे असतात, हें वाक्य मुलें हां हां म्हणतां पाठ करतात आणि आम्ही शिक्षकही तें ऐकून संतुष्ट होतों. अलीकडे मात्र हा संतोष आम्हांस टोंचूं लागला आहे.

जावा व सुमात्रा यांमधील सुंदा सामुद्रधुनींत क्राकाटोआ नांवाचें बेट होतें. (१९६९ सालच्या एका इंग्रजी चित्रपटानें आपल्या नांवांतच त्यास जावाच्या पूर्वेस नेऊन ठेवलें, वस्तुतः तें पश्चिमेस आहे. आमच्या वर्गांत त्या मंडळींस किती गुण मिळाले असते, हें न सांगितलेलेंच बरें!) इ. स. १६८०-८१ च्या सुमारास झालेल्या उद्रेकानंतर सुमारें दोनशें वर्षें तें शांत होतें. मे १८८३ मध्यें तें धुमसूं लागलें, तेव्हां बटाव्हियाहून, म्हणजे हल्लींच्या जकार्ताहून, हौशी मंडळी आगबोट घेऊन ती मौज पाहावयास गेली! २६ ऑगस्टला दुपारीं खरा क्षोभ सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास जो स्फोट झाला, त्याचा आवाज सुमारें तीन हजार मैलांवरील रॉड्रिग्ज बेटावर ऐकूं गेला. बेटाचा दोन तृतीयांश भाग नाहींसा झाला. पुढें कित्येक महिने जगभर सूर्यास्त रक्तवर्ण दिसत. अमेरिकेंत तर कोठें आग लागली असें समजून बंब धांवले.

एवढें पुस्तकांत असतें व मुलांस आवडतेंही. परंतु ३६,००० हून अधिक माणसें मेलीं, तीं बहुतांशीं कशानें, असें विचारा. वर्ग एकमुखानें 'आगीनें' म्हणेल. खरें उत्तर 'पाण्यानें' हें आहे. शंभर फुटांपर्यंत उंच चढलेल्या लाटांनीं मेराक, आन्येर, चारिंगिन हीं गांवें धुऊन नेलीं. तेलुक बेटुंगच्या बंदरांतील 'बेरौ' नांवाची आगबोट मैलाहून अधिक आंत रानांत नेऊन टाकली.

१९२७ सालीं त्याच जागीं समुद्रांतून नवा ज्वालामुखी डोकें काढूं लागला. 'आनाक क्राकाटाऊ', म्हणजे क्राकाटोआचें मूल, हें त्याचें नांव. जुन्या खळग्याच्या उतरत्या कडेवर वाढत वाढत तें सुमारें अकराशें फूट उंच झालें. त्याचा नैर्ऋत्येकडील भाग ढांसळला, तर लाटा तासाच्या आंत जावाच्या किनाऱ्यास पोंचतील, असें शास्त्रज्ञांनीं २०१२ सालींच गणितानें दाखविलें होतें. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्रीं नऊच्या सुमारास तसेंच घडलें. किनाऱ्यावर एके ठिकाणीं गाण्याची मैफल चालू होती. लाट व्यासपीठाच्या मागून आली. त्या रात्रीं चारशेंहून अधिक माणसें गेलीं. भूकंप झाला नव्हता; म्हणून भूकंपावर कान ठेवणारी इशाऱ्याची यंत्रणा मुकी राहिली, आणि समुद्रांत सोडलेले सूचक तराफे २०१२ पासूनच बंद होते. सरकारी अधिकाऱ्यांनीं प्रथम तिला भरतीची लाट म्हटलें व मागाहून क्षमा मागितली.

आमच्या मतें येथें दोष केवळ यंत्रांचा नाहीं. डोंगर महिनोगणती धुमसत होता; पण तो रोजचाच झाला होता. 'जागृत' म्हणून एकदां कप्प्यांत घातला, कीं त्याचा पूर्वेतिहास विचारण्याचें कारण उरत नाहीं. यावर कोणी म्हणेल, धूर दिसतांच सारा किनारा रिकामा करावयाचा काय? आक्षेप खरा आहे. मासे धरून पोट भरणारांस सहा महिने घर सोडा, असें सांगणें निर्दयपणाचें होईल. तथापि सुमात्राजवळील सिमेउलुए बेटाकडे पाहा. १९०७ सालच्या लाटेची गोष्ट तेथें आजीनें नातवास सांगत ठेवली; म्हणून २००४ सालीं जमीन हलतांच लोक टेकड्यांकडे पळाले, आणि सुमारें ७८,००० वस्तींतून लाटेनें अवघे सात दगावले. सुंदाच्या किनाऱ्यावर त्या रात्रीं जमीन हलली नाहीं, हा फरक आम्ही विसरत नाहीं. तेथें गोष्ट निराळी सांगावी लागेल, आणि सामुद्रधुनींतील इतर बेटांवर पाण्याची उंची मोजणारीं यंत्रेंही हवींच. पण टेकडीची वाट कोणती, हें मुलाबाळांस ठाऊक असण्यास ना पैसा लागतो, ना घर सोडावें लागतें.

२०१८ च्या त्या रात्रीनंतर तें मूल साडेतीनशें फुटांच्या आसपास उरलें होतें. तेव्हांपासून तें पुन्हां वाढूं लागलें आहे, आणि एप्रिल २०२२ मध्यें त्याच्यासाठीं धोक्याची पायरी पुन्हां वर चढवावी लागली. येत्या सत्रांत ज्वालामुखीच्या चित्रांत लाल रंग भरण्याचें काम आम्ही वर्गास देणार नाहीं. सामुद्रधुनीच्या दोन्ही किनाऱ्यांचा नकाशा देऊन शंभर फूट उंचीची रेषा कोठून जाते व समुद्रापासून तेथवर पायीं जाण्यास किती वेळ लागेल, हें काढावयास सांगणार आहों.