जुन्या गाडीचा हिशेब

दारव्हा, दिग्रस, कारंजा या परिसरातील एखाद्या जुन्या व्यापारी घराच्या गोदामात, रिकाम्या बारदानाशेजारी, ताडपत्रीने झाकलेली फियाट उभी दिसली तर कोणाला नवल वाटणार नाही. ती चालत नाही, विकली जात नाही आणि तिच्याविषयी घरातील कोणी वावगा शब्दही ऐकून घेत नाही. असे का व्हावे, याचा विचार करण्यासारखा आहे.

दारव्ह्याला बाहेरच्या जगाशी जोडले ते प्रथम नॅरोगेज रेल्वेने. मूर्तिजापूर ते यवतमाळ या मार्गावरील ‘शकुंतला’ कारंजा, दारव्हा ही गावे घेत आपल्या संथ गतीने धावत असे. ज्या घरी मोटार आली, ते घर तिच्या वेळापत्रकातून सुटले. कापसाच्या हंगामात बाजारपेठा गाठता येऊ लागल्या. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन किंवा मुक्तागिरीची वंदना वृद्ध आजीलाही घडू लागली. गाडी घराच्या मालकीची असली तरी उपयोग गल्लीचा होता. रात्री-अपरात्री कोणाला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचे झाले, तर त्याच घराची कडी वाजे. गाडीवरील प्रेमाचे एक मूळ येथे आहे.

दुसरे मूळ तिच्या लहरींत आहे. 1954 च्या सुमारास आलेल्या फियाट 1100 ला लोकांनी तिच्या गोलमटोल बांध्यावरून ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. तिचे पुढचे दरवाजे आजच्या गाड्यांच्या उलट दिशेने उघडत. पुढे याच कुळातली प्रीमियर पद्मिनी आली. इंजिन 1089 सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या शेजारी, पुढे सलग बाक. त्यामुळे चालकाशेजारी दोघे आणि त्यांच्या मांडीवर एक मूल असा प्रवास होई. हिवाळ्यात सकाळी चोक ओढल्याशिवाय ती जागी होत नसे. वैशाखातल्या विदर्भी उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी भर रस्त्यात थांबे. मग पेट्रोलपंपावर, म्हणजे इंजिनाशेजारच्या त्या छोट्या पंपावर, ओले फडके ठेवून झाडाखाली वाट पाहावी लागे. त्या अर्ध्या तासात शिदोरी उघडली जाई, थोरांच्या आठवणी निघत. न थांबणाऱ्या नव्या गाडीत ही सोय नाही.

या गाडीशी जैन समाजाचे आणखी एक नाते आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात 1882 साली जन्मले. 1919 मध्ये सिंधिया कंपनीद्वारे स्वदेशी जहाजवाहतूक, 1940 मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना आणि 1944 मध्ये मोटारींची कंपनी असे त्यांचे धाडस होते. क्रायसलर या अमेरिकन कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारींची जुळणी सुरू झाली. फियाटशी सहकार्य त्यानंतरचे. 1953 मध्ये शेठजींचे निधन झाले. ‘पद्मिनी’ हे नाव गाडीला मिळाले ते 1974 मध्ये. परवान्यांच्या त्या काळात नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. इतक्या प्रतीक्षेने घरी आलेल्या वस्तूला कुटुंबातील व्यक्तीचे स्थान मिळाले, यात आश्चर्य नाही.

परंतु काळ कोणासाठी थांबत नाही. 2000 च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन बंद झाले. मुंबईतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी ठरलेली 20 वर्षांची मर्यादा संपताच 30 ऑक्टोबर 2023 पासून तीही रस्त्यावरून गेली.

आता हिशेब. वहीखात्यात गाडीवर दरसाल 15 टक्के घसारा धरला, तर एक लाखाची गाडी 30 वर्षांनी सुमारे 763 रुपयांची उरते. या पद्धतीत आकडा लहान होत जातो, शून्य मात्र कधीच होत नाही. घरातल्या गाडीची भावनिक किंमत याच्या उलट चालते. वर्षे सरतात तशी ती वाढते. अडचण उभी राहते ती वडील गेल्यावर. गाडी त्यांच्या नावावर, भाऊ तिघे, आणि निर्णय एकाचाही नाही. विकावी असे धाकट्याने म्हटले तर ‘बाबांची गाडी विकायला निघाला’ हा बोल. ठेवावी म्हटले तर खर्च कोणी करायचा हा प्रश्न. मग गाडी कुजते आणि भावांमधला अबोला मात्र ताजा राहतो.

कायद्याची वाट सरळ आहे. मालकाच्या मृत्यूची सूचना परिवहन कार्यालयाला 30 दिवसांत द्यावी आणि वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी तीन महिन्यांत नमुना 31 भरावा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 रोजी 600 वरून 5,000 रुपये झाले होते. गाडी 50 वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात असेल, तर 2021 च्या नियमांनुसार 20,000 रुपये भरून तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. मात्र तिचा रोजचा वा व्यावसायिक वापर करता येत नाही. हे काहीच शक्य नसेल तर नोंदणीकृत केंद्रात ती मोडीत काढून प्रमाणपत्र घ्यावे आणि परिवहन कार्यालयातील नोंदणी रद्द करून घ्यावी. कागदांशिवाय भंगारात दिलेली गाडी पुढे कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही. नोंदीत नाव मात्र आपल्याच वडिलांचे राहते.

श्रावकाच्या 14 नियमांत ‘वाहन’ हाही एक नियम आहे. आज किती वाहने वापरीन, याची मर्यादा सकाळीच ठरवायची. तत्त्वार्थसूत्रकारांनी परिग्रहाचे मूळ वस्तूत न पाहता तिच्याविषयीच्या आसक्तीत पाहिले. ही कसोटी गोदामातल्या फियाटला लावली तर उत्तर प्रत्येक घरी वेगळे येईल. जे तिला पुसतात, दुरुस्त करतात, वर्षातून एकदा नातवंडांना घेऊन शिरपूरला जातात, त्यांनी ती अवश्य राखावी. जपणूक हेही एक कर्तव्य आहे. जेथे ती केवळ कोणी हात लावू नये म्हणून उभी आहे, तेथे ती स्मृती राहिलेली नाही, वाद झाली आहे. अशा घराने ती हौशी जाणकाराला द्यावी किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या मुलांना शिकण्यासाठी देता येईल का, ते विचारावे. वडिलांनी ज्या गाडीतून गल्लीतल्या रुग्णांना दवाखान्यात पोहोचवले, तिचा असा उपयोग त्यांना नक्कीच आवडला असता.

येत्या दीपावलीला वीर निर्वाणाच्या नव्या वर्षाची वही उघडण्यापूर्वी भावांनी एकत्र बसून हा एक जुना हिशेब मिटवावा. गाडी कोणाकडेही जावो, तिच्या आठवणींत तिघांचाही वाटा सारखाच राहणार आहे.