फाशीआधी लाखेचं सील

देशात कुठंही स्फोट झाला की देवळीच्या बसस्टँडवरच्या चहाटपरीत निकाल लगेच लागतो: फाशी! मी निवृत्त हवालदार, म्हणून सगळे दुजोऱ्यासाठी माझ्याकडं बघतात. मी म्हणतो, फाशी आहेच की. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात होतीच, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३मध्येही आहे. कुणी मेलं नसलं तरी किमान पाच वर्षं. आता आणखी काय वाढवायचं?

आमचा जिल्हा दारूबंदीचा. मोहाची पकडली की नमुना बाटलीत भरायचा, बुचावर कापड बांधायचं, पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं आणि वर लाखेचं सील. मेणबत्तीवर लाख वितळवताना बोटं भाजतात, म्हणून नवा शिपाई हे काम टाळतो. पण सील नसेल तर बाटलीत दारू होती की विहिरीचं पाणी, हे कोर्टात कोण सांगणार? आरोपीचा वकील पहिलं तेच विचारतो.

आता मुंबईची लोकल घ्या. ११ जुलै २००६, सात स्फोट, १८०हून अधिक बळी. मकोका हा कडक कायदा लागला, त्यात पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाबही चालतो. २०१५मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ रोजी हायकोर्टानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक नागपूरच्या तुरुंगात असताना २०२१मध्येच वारला होता. सुटकेची कारणं: स्फोटकांना धड सील नाही, ओळखपरेड घेणाऱ्याचा अधिकारच संपलेला, कबुलीजबाब एकमेकांची नक्कल. दहा दिवसांनी मालेगाव स्फोट खटल्यातले सातही सुटले. तिथं पंचनाम्याला जागेचा नकाशासुद्धा नव्हता. आरोपी वेगळ्या धर्मांचे, ढिलाई मात्र तीच. लोकल खटल्याच्या निकालाचा दाखला इतरत्र देता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं म्हटलं. सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलं नाही.

मग ते स्फोट केले कुणी? टपरीवर हा प्रश्न कुणी विचारत नाही.

शिक्षा वाढवायला माझी हरकत नाही. पण तपासच कच्चा असेल तर वाढीव कलम आरोपपत्रातच राहतं. सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी गेलंच पाहिजे, असं नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची सवलत आहे. सरकारनं ती सगळी वापरू नये. तालुक्याच्या ठाण्यापर्यंत ही माणसं आधी द्या, फाशीचं नंतर बोला.